सल्ला शास्त्रज्ञांचा, निर्णय मंत्र्यांचा

समुद्रात मासे किती आहेत, हा एक प्रश्न. त्यातले किती पकडायचे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर शास्त्रज्ञ देतात, दुसऱ्याचं सरकार. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे वैज्ञानिक सल्लागार समिती. तो दुवा निसटला की काय होतं, याची आज कॅनडातली गोष्ट सांगतो.

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर जवळपास पाचशे वर्षं माणसं कॉड या माशावर जगली. १९७७ मध्ये कॅनडानं २०० सागरी मैलांपर्यंतची मासेमारी आपल्या ताब्यात घेतली. त्याच सुमारास वैज्ञानिक सल्लागार समितीही आली. समितीनं साठ्याचा अंदाज द्यायचा, मंत्र्यांनी वर्षाचा कोटा ठरवायचा.

अंदाज मुख्यतः दोन गोष्टींवरून काढायचे: संशोधन जहाजांची पाहणी आणि मोठ्या ट्रॉलरना मिळणारी मासळी. गफलत इथेच झाली. साठा घटला तरी उरलेला मासा दाटीनं एकत्र राहतो, आणि यंत्रांच्या मदतीनं ट्रॉलर नेमका तिथेच पोचतो. त्यामुळे जाळी भरलेली दिसायची. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार मात्र सांगत होते, ‘मासा कमी मिळतोय, लहान मिळतोय.’ पण त्यांचं सांगणं आकड्यांच्या तक्त्यात बसत नव्हतं.

शेवटी शास्त्रज्ञांना आपला अंदाज फुगलेला असल्याचं कळलं. १९८९ साठी त्यांनी सल्ला दिला: १ लाख २५ हजार टन. मंत्र्यांनी कोटा ठेवला २ लाख ३५ हजार टन! का? तर एवढी कपात केली की मासळीचे कारखाने बंद पडणार, गावं ओस पडणार. भीती खोटी नव्हती हो. पण त्यानं समुद्रातला मासा थोडाच वाढणार होता?

२ जुलै १९९२ ला कॉडची मासेमारी बंद झाली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी, मधल्या थोड्याफार सवलती सोडल्या तर, २०२४ मध्ये उठली. तेव्हाचा कोटा किती? फक्त १८ हजार टन.

१९९३ मध्ये कॅनडानं नवी सल्लागार परिषद नेमली. तिच्यात शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं मासेमारी व्यवसायातली माणसंही बसली, आणि किनाऱ्यावर जाहीर सुनावण्या होऊ लागल्या. शहाणपण आलं, पण मासा गेल्यावर.

आपल्याकडे डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. त्यावरचा वाद तुम्हाला ठाऊक असेलच. अशा वेळी मी दोनच गोष्टी विचारतो. समितीनं छोट्या होडीवाल्याचं ऐकलं का? आणि सल्ला डावलला असेल, तर सरकारनं त्याचं कारण लोकांना सांगितलं का?

तुमच्या बंदरावर काय चित्र आहे, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.