आधी प्रकरण, मग वचन





अमरावतीत ग्रंथवाचनावर बोलायचे म्हणजे रिद्धपूर आठवणारच. तिथे महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, जमवल्या. पुढे केसोबासांनी त्यांतली स्वामींची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. वचने पाठ करायला सोपी झाली. पण कोणते वचन कोणाला, कशावरून म्हटले, तो संदर्भ मागे राहिला. म्हणून महानुभावांनी ‘प्रकरणवश’ रचले आणि सूत्रांमागचे प्रसंग, म्हणजेच त्यांची प्रकरणे, पुन्हा जागेवर आणली. वऱ्हाडच्या मातीतली ही शिस्त आपणही बायबल वाचताना उचलावी, एवढेच माझे आजचे सांगणे आहे.

योहानाचे पहिले पत्र घ्या. एकूण अध्याय 5. लिहिणाऱ्याचे नाव नाही, गावाचे नाव नाही, शेवटी सलामही नाही. त्याचा हेतू विचारला की आपण पाचव्या अध्यायाच्या 13व्या वचनावर बोट ठेवतो. विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन लाभले आहे हे त्यांना कळावे, म्हणून लेखक लिहितो. मग अख्खे पत्र या एका वचनाला टांगले जाते आणि त्याची प्रश्नपत्रिका होते. प्रीती करतोस का? आज्ञा पाळतोस का? नाही? मग तुझे तारण संशयात! जन्मभर चर्चला आलेली एखादी आजी उपासना संपल्यावर हळूच विचारते, “पाळकसाहेब, माह्यं नाव हाये ना तिथं?” धीर देणाऱ्या पत्राने तिची झोप उडावी, हे उफराटेच झाले.

वास्तविक ‘म्हणून लिहितो’ हे लेखक आणखीही ठिकाणी सांगतो. आनंद पूर्ण व्हावा म्हणून, तुमच्या हातून पाप घडू नये म्हणून, तुम्हाला भुलवणाऱ्यांविषयी सावध करावे म्हणून. या सगळ्यांमागचे प्रकरण दुसऱ्या अध्यायाच्या 19व्या वचनात आहे. मंडळी फुटली होती, काही जण निघून गेले होते. ख्रिस्त देहाने आला हेच नाकारणारी शिकवण फिरत होती. राहिलेले गोंधळले होते की खरे कोण, ते की आपण?

आता एक जुना पेच पाहा. पहिल्या अध्यायात, आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो. तिसऱ्या अध्यायात, देवापासून जन्मलेला पाप करत नाही. विसंगती? तिसऱ्यातल्या त्या वचनाच्या जरा आधी लेखक बजावतो, कोणी तुम्हाला भुलवू नये. माझ्या वाचनाप्रमाणे पहिले उत्तर निष्पापपणाचा तोरा मिरवणाऱ्यांना आहे, दुसरे ‘कसेही वागा, चालते’ म्हणणाऱ्यांना. आणि ‘पारख करा’ असे चौथा अध्याय सांगतो, ती पारख आत्म्यांची, म्हणजे शिकवणाऱ्यांची. त्या आजीची नव्हे. अर्थात पत्र कुणाला मोकळे सोडत नाही. गरजू भाऊ समोर असताना हात आखडणाऱ्याला ते खडसावतेच. पण ते खडसावणे घरच्या माणसाचे आहे.

बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून केलेले बायबलचे भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापुढचे काम आपले. नव्या करारातली पत्रे 21. प्रत्येकाचे प्रकरण सांगणारी, संडे स्कूलच्या मुलालाही वाचता येईल अशी छोटी पुस्तिका हवी. योहानाचे पहिले पत्र अमरावतीने घ्यावे, फिलेमोनाचे अकोल्याने. या ठरावाचा सूचक मी आहे. अनुमोदक आपल्यातून उभा राहावा.