वारुळावरची अळंबी ओळखायची कशी?
(ग्रामसंघाच्या बैठकीत झालेलं बोलणं)

पाऊस धरला की आपल्या पुणतांब्याच्या बांधांवर छत्र्या वर येतात आणि घरोघरी एकच प्रश्न, "खायची का गं ही?"

वारुळाची अळंबी ही दुर्मिळच. विदर्भात हिला सात्या म्हणतात, गोव्यात अळमी. वाळवी जमिनीत पालापाचोळा चावून त्याचा मऊ गड्डा करते, त्यावर ही बुरशी वाढते. म्हणून ढिंगरीसारखी ती पिशवीत पिकवता येत नाही. वारूळ खणून मोडलं तर पुढच्या वर्षी तिथे काही येणार नाही.

आता ओळख. ओढून उपटू नका, खुरप्याने हळू उकरा. मोठ्या जातीचा दांडा मुळासारखा खोल, कधी हातभर, वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. टोपीच्या मधोमध भोवऱ्याच्या आरीसारखं टणक टोक असतं. त्यानेच ती कडक माती फोडते. बुडाशी पिशवी किंवा वाटी दिसली, तर हात लावू नका. अशा काही जाती जीव घेणाऱ्या असतात.

फसवते ती गवतात, शेणखताच्या जागी येणारी मोठी पांढरी छत्री. कोवळेपणी खालचे पडदेही पांढरेच. जून झाल्यावर ते हिरवट पडतात. म्हणून टोपी कापून पडदे खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळी कागदावर भुकटी पडलेली दिसेल. वारुळाच्या अळंबीची फिकट गुलाबी, त्या फसवीची हिरवट. एक जरी खूण जुळली नाही तरी टाकून द्या, आणि जाणत्या माणसाने पाहिल्याशिवाय तर शिजवूच नका.

चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण काळा होतो, किडे खातात म्हणजे चांगली, हे सगळं खोटं आहे बरं का. शिजवल्यानेही ते विष जात नाही. आसामात एप्रिल 2022 मध्ये रानातली अळंबी खाऊन तेरा जण गेले, बरेचसे चहामळ्यातले मजूर.

हिरवट छत्रीने एक-तीन तासांत उलट्या होतात. जिवावरचं विष मात्र सहा-बारा तास गप्प बसतं. मग उलट्या-जुलाब, मधेच दिवसभर बरं वाटतं, आणि आतून लिव्हर निकामी होत असतं. म्हणून "थांबल्या उलट्या" म्हणून घरी बसू नका. 108 ला फोन करा, आणि उरलेली भाजी, शक्य तर एक अख्खी छत्री डब्यात घालून दवाखान्यात सोबत न्या.