खरा डिस्को
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मघाशी सूत्रसंचालकांनी मला ‘आपला डिस्को’ म्हणून हाक मारली आणि तुम्ही सगळे हसलात. चाळीस वर्षं हे नाव मी मिरवतोय. आज त्याचा हिशेब चुकता करायचा आहे.

आपला नारायणगड म्हणजे धाकटी पंढरी. इथं कानावर पडायचे ते टाळ-पखवाज. त्यात हे डिस्कोचं वारं शिरलं कसं? 1980 साली ‘कुर्बानी’ आला. त्यात नाझिया हसनचं गाणं होतं, बंगळुरूहून लंडनला गेलेल्या बिद्दूंनी बसवलेलं. अमेरिकेत डिस्कोची लाट ओसरत आली होती, आपल्याकडं ती तेव्हा कुठं चढत होती. ते गाणं गायलं तेव्हा नाझिया अवघी पंधरा वर्षांची होती. पुढं 1982च्या डिसेंबरात ‘डिस्को डान्सर’ आला. बप्पी लाहिरींचं संगीत, विजय बेनेडिक्टचा आवाज आणि पडद्यावर मिथुन! बीडच्या स्टँडवर हॉटेलात ही कॅसेट लागली की आपण चहाचा कप हातात धरून एसटी चुकवायचो.

आपल्यात एक जण होता, मागच्या बाकावरचा. नाव घेत नाही, त्याला आवडायचं नाही. गडावर भजनात तो टाळ धरायचा. डिस्कोतला ठोका त्यानं पहिल्याच दिवशी पकडला. म्हणाला, “अरे, सोपं हाय. चार मात्रा, अन् प्रत्येक मात्रेला ढोल. टाळ धरता येतो त्याला हे बी येतंय.” रस्त्यावर गाणाऱ्या गरीब पोराची ती सिनेमातली गोष्ट त्याला आपलीच वाटायची.

दहावीच्या गॅदरिंगमध्ये तो नाचणार होता. जुन्या साडीची जर काढून त्यानं शर्टाला लावली होती. पण दिवाळी झाली आणि त्याच्या वडिलांनी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला सगळं घर ऊसतोडीला निघालं. जायच्या आदल्या रात्री त्यानं कंदिलाच्या उजेडात मला सगळ्या स्टेप शिकवल्या. शर्ट दिला. म्हणाला, “माझ्या जागी तू नाच.”

मी नाचलो. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, मला नाव मिळालं. सर, तुम्ही पाठ थोपटून विचारलंत, “कुठं शिकलास रे?” मी म्हणालो, “असंच, बघून बघून.”

तेवढं एक वाक्य मला आजही टोचतं.

कारखान्याचा पट्टा पडून तो परत आला, तोवर बोर्डाची परीक्षा होऊन गेली होती. मी शर्ट परत द्यायला गेलो. त्यानं एवढंच विचारलं, “लोकांना आवडला का रं?” मी ‘हो’ म्हणालो. पण नाव मला मिळालं, हे सांगायचं धाडस झालं नाही.

तो पुन्हा वर्गात बसला नाही. आपल्या दहावीच्या यादीत तो नाही, म्हणून आजचं निमंत्रणही त्याला गेलं नव्हतं. काल मी त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आलो. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पांढरी टोपी घालून बसलाय तो.

सर, चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही विचारलं होतंत, कुठं शिकलास. याच्याकडं शिकलो.

मित्रा, पुढं ये. या टाळ्या तुझ्या आहेत.