दुःखाच्या दिवसांतील आपले हसणे
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला जड विषय निवडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. शिक्षण, आरक्षण, समाजाची एकजूट, धम्मचळवळीची पुढची दिशा. हे विषय महत्त्वाचेच आहेत आणि त्यांवर बोलणारी जाणकार मंडळी आपल्यात आहेत. आम्ही मात्र आज जरा हलक्या विषयावर बोलणार आहोत. वाईट दिवसांत आपली माणसं कशावर हसली, काय गायली, आणि ते हसणं आपल्या धम्मात बसतं का, एवढाच आजचा विषय आहे.

हा विषय घ्यायला कारणही आहे. कार्यक्रमपत्रिका ठरवायला बसलं की दरवर्षी एक वाद निघतो. वडीलधारे म्हणतात, विहारात वंदना, परित्राणपाठ आणि प्रवचन एवढंच शोभतं. नकला, उखाणे, सवाल-जवाब हा पोरखेळ आहे. तरुण म्हणतात, डीजे लावा, नाहीतर माणसं येणार नाहीत. या ओढाताणीत आपल्या आयाबायांची आणि शाहिरांची जी हसरी परंपरा होती, ती कुणाच्याच पत्रिकेत सापडत नाही. ती हळूहळू विझत चालली आहे आणि तिच्याबरोबर काय विझतंय, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. तो आज मांडू या.

आपल्यातले जे आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना १९७२चा दुष्काळ सांगावा लागत नाही. नीरेच्या कालव्यामुळे आपल्या भागाला थोडा आधार होता म्हणतात. पण ज्याच्या नावावर शेतच नाही, त्याला कालवा काय कामाचा? आपली माणसं दुष्काळी कामावर गेली. खडी फोडली, रस्त्यावर माती टाकली, पाझर तलाव खोदले. १९७३च्या उन्हाळ्यात सगळ्या महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. पोरांनी सुकडी खाल्ली. मिलोची भाकरी थापली की चिरायची, तव्यावर टाकली की फुटायची.

त्या कामावरच्या गोष्टी जुन्या बायकांना विचारा. त्या उपाशीपोटीचं दुःख दोन वाक्यांत सांगतात आणि मग हसायला लागतात! मुकादमाच्या चालण्याची नक्कल कोण करायचं, हातोडी बोटावर बसली की कोण कुणाला काय म्हणायचं, मिलोच्या भाकरीला काय काय नावं ठेवली होती, हे सगळं त्यांना पाठ आहे. त्याच दिवसांत लग्नंही झाली. हळदीला हळद कमी आणि जेवणाला पंगत लहान, पण उखाणा घेतल्याशिवाय नवरीला कुणी उंबरा ओलांडू दिला नाही. एक मासला सांगतो:

अकलूजच्या कारखान्यात साखरेची पोती,
...रावांच्या घरी मात्र चहाला साखर नव्हती!

आता यात काय आहे? दोन ओळींची गंमत. पण नीट बघा. गावात साखर आहे आणि आपल्या घरात नाही, ही साधी गोष्ट नव्हे. तीच गोष्ट रडून सांगितली असती तर सासरची अब्रू गेली असती. हसून सांगितली, तेव्हा सगळा मांडव हसला, कारण मांडवातल्या प्रत्येकाच्या घरी साखर नव्हती. गरिबीची लाज वाटण्याऐवजी ती सगळ्यांची मिळून झाली आणि वाटून घेतल्यावर ओझं हलकं होतंच. आम्हाला वाटतं, या हलक्याफुलक्या चालीरीतींनी आपल्याला जो धीर दिला, तो असा दिला.

जात्यावरच्या ओवीचंही तेच. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून सुमारे एक लाख ओव्या जमवल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या आपल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बायकांनी बाबासाहेबांना आपला भाऊ करून टाकलं. दिवस उजाडायच्या आधी पायली-दोन पायली दळायचं, हात भरून यायचे, आणि तोंडाने मात्र थट्टा, कौतुक, रुसवा चालू. दळण संपायचं ते त्या गाण्याच्या जोरावर.

आता जलशाकडे वळू. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्याच्या प्रचारासाठी सत्यशोधक जलसे निघाले. त्याच वाटेने १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिकचे भीमराव कर्डक हे त्यांतलं मोठं नाव. (वामनदादा कर्डक वेगळे, ते सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. पुष्कळ जण दोघांत गल्लत करतात.) भीमरावांनी १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिलं, म्हणून तो इतिहास आज आपल्याला वाचायला मिळतो.

जलसेकऱ्यांनी काय केलं ते समजून घेण्यासारखं आहे. तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा होता: गण, गवळण, बतावणी आणि वग. त्यांनी तो साचा घेतला आणि आतला माल बदलला. देवाच्या स्तवनाच्या जागी महामानवांना वंदन आलं. गवळणींची छेडछाड गेली. बाईला नाचवणं बंद झालं. राजा-राणीच्या वगाऐवजी पाणवठा, सावकार, शाळा, दारू हे विषय आले. एक माणूस मात्र त्यांनी काढला नाही, तो म्हणजे सोंगाड्या! भटजी म्हणायचा, तुझ्यावर ग्रहाची पीडा आहे, शांत करायला हवी. सोंगाड्या विचारायचा, महाराज, आमच्यावर पीडा सावकाराची आहे, त्याची शांत किती रुपयांत होते? अशा धर्तीच्या संवादावर शेकडो माणसं हसायची आणि घरी जाताना विचार करायची. हसता हसता भीती जायची. ज्याच्यावर आपण एकदा पोटभर हसलो, त्याच्या पाया पडणं पुढे अवघड जातं.

बाबासाहेबांना या जलशांचं महत्त्व चांगलं माहीत होतं. जलसा पोचतो तिथे भाषण पोचत नाही, अशा अर्थाची त्यांची दाद जुनी मंडळी अजून सांगतात. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात, म्हणजे १९२७ साली, प्रसिद्ध तमासगीर पठ्ठे बापूराव यांनी आपल्या खेळांचं उत्पन्न सत्याग्रहाला देऊ केलं. बाबासाहेबांनी ते नाकारलं, कारण तो पैसा आपल्या समाजातल्या स्त्रियांना नाचवून मिळवलेला होता. चळवळीला पैशाची केवढी नड होती! तरी नाही म्हणजे नाही. म्हणून, ‘आपली परंपरा आहे’ एवढ्यावर सगळंच डोक्यावर घेता येणार नाही. निवड करावी लागेल.

ही निवड कशी करायची, याला आपल्या धम्मग्रंथांतच उत्तर आहे. संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटाची कथा येते. तो नाटकमंडळीचा प्रमुख होता. राजगृहाला वेळुवनात तो तथागतांना भेटला आणि म्हणाला, आमचे पूर्वज सांगतात की लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांत जन्मतो, खरं का? तथागत दोनदा म्हणाले, हे राहू दे, विचारू नकोस. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी सांगितलं की जो नट लोकांचा लोभ, द्वेष आणि मोह आणखी भडकवतो, त्याला चांगली गती नाही. तालपुट रडला, आणि रडला तो तथागतांच्या बोलण्याने नव्हे, तर पूर्वजांनी आपल्याला फसवलं म्हणून. पुढे तो भिक्खू झाला आणि अर्हतपदाला पोचला. थेरगाथेत त्याच्या गाथा आहेत. एका सोंगाड्याची केवढी मोठी वाट!

धम्मपदाच्या जरावग्गातही तथागत विचारतात की सगळं जळत असताना हसू आणि आनंद कसला. वडीलधारे याच गाथेचा दाखला देतात. पण अट्ठकथेत त्या गाथेची हकिगत अशी की, विशाखेबरोबर आलेल्या स्त्रिया दारू पिऊन विहारात नाचू-हसू लागल्या होत्या. म्हणजे बोल लावला तो बेहोशीला.

आणि गाणं तथागतांना वर्ज्य होतं म्हणावं, तर दीघ निकायाच्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन त्यांच्यासमोर गातो. गाणं काही नुसतं भक्तीचं नाही, त्यात त्याची प्रीतीही आहे. तथागत रागावत नाहीत. उलट तुझ्या तारांचा सूर आणि गळ्याचा सूर छान जुळतो, अशी दाद देतात. उपोसथाला अष्टशील घेणारा त्या दिवशी नाच-गाण्यापासून दूर राहतो, भिक्खू कायमचे राहतात, ते योग्यच. गृहस्थाच्या पंचशीलात गाण्याला मनाई नाही. मनाई आहे ती दारूला, खोट्याला आणि व्यभिचाराला.

तेव्हा कसोटी सरळ आहे. ज्या हसण्याने लोभ, द्वेष, मोह वाढतो ते सोडायचं. ज्याने ते कमी होतात ते धरायचं. बाईच्या अंगावरचा विनोद, काळ्या रंगावरचा, अपंगावरचा, दुसऱ्याच्या जातीवरचा विनोद पहिल्यात जातो. अंधश्रद्धेवरचा, मुजोरीवरचा आणि आपल्या स्वतःच्या फजितीवरचा विनोद दुसऱ्यात येतो. दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानणं याला धम्मात मुदिता म्हणतात. मैत्री आणि करुणेच्या पंक्तीला ती बसलेली आहे, हे आपण विसरतो.

इथे अकलूजकर म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. आपलं गाव लावणी स्पर्धेमुळे महाराष्ट्रभर माहीत झालं. बाबासाहेबांनी तो पैसा नाकारला म्हणून लावणी करणाऱ्या बाईला आपण नाकारायचं, असा अर्थ कुणी काढू नये. त्यांनी नाकारली ती बाईची लाचारी. पोटासाठी घुंगरू बांधणाऱ्या स्त्रीला कलावंत म्हणून मान आणि तिच्या लेकरांना शाळा मिळावी, हीच भूमिका आपल्याला शोभते.

आता अगदी अलीकडचे दिवस आठवा. २०२० आणि २०२१. आषाढात ज्या अकलूजला तुकोबारायांच्या पालखीचं रिंगण होतं, तिथलं मैदान दोन्ही वर्षी मोकळं राहिलं; पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. चौदा एप्रिलला मिरवणूक नाही, बुद्धपौर्णिमेला विहाराला कुलूप. घरोघरी आपण फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, खिरीची वाटी भिंतीवरून शेजारी दिली. गेलेल्या माणसाला चार खांदेकरीही मिळेनात, असे ते दिवस. तेव्हा गल्लीला धीर कशाने आला? दवाखान्याने आणि औषधाने तर आलाच, ते आधी. पण संध्याकाळी दारादारांतून चाललेल्या गाण्यांच्या भेंड्या, म्हाताऱ्यांनी नातवंडांना घातलेली कोडी, वामनदादांची आणि प्रल्हाद शिंद्यांची गाणी, फोनवरून घेतलेले उखाणे यांनीही आला. कोंडलेल्या मुलांना त्या वर्षाचं हेच जास्त आठवतं.

आम्ही हसण्याला औषध म्हणत नाही. हसल्याने मजुरी वाढत नाही, जमीन मिळत नाही आणि अन्याय करणाऱ्याला शिक्षाही होत नाही. त्यासाठी संघटना, कायदा आणि शिक्षण हेच मार्ग आहेत. पण दिवसभर खचलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून त्या मार्गाला लागावं, एवढं बळ त्याला रात्री कुठून तरी मिळावं लागतं. आपल्या माणसांनी ते एकमेकांकडून मिळवलं. डीजेच्या भिंतीपुढे ते मिळत नाही, कारण तिथे शेजारच्याचा आवाजच ऐकू येत नाही. आणि नुसत्या उपदेशानेही मिळत नाही, कारण तिथे एकच बोलतो आणि बाकीचे गप्प बसतात.

म्हणून विहाराच्या कार्यकारिणीला आणि आपणा सर्वांना आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, पुढच्या वर्धापनदिनाला वंदना आणि प्रवचन झाल्यावर एक तास गल्लीच्या जलशाला द्यावा. संवाद मुलांनी लिहावेत, सोंगाड्या त्यांच्यातलाच असावा, आणि विषय आजचे असावेत: मोबाईलवरची भोंदूगिरी, लग्नातलं कर्ज, दारू. दुसरी, ज्या आजींना ओव्या येतात, त्यांच्यापाशी बसून त्या फोनवर रेकॉर्ड करून घ्याव्यात आणि वहीत उतरवाव्यात. हे काम उद्यावर टाकण्यासारखं नाही. तिसरी, ज्या घरात दुःख झालं असेल, तिथे पुण्यानुमोदनानंतर आपण पांगतो, तसं पांगू नये. महिन्याने, दोन महिन्यांनी त्या घरी जाऊन बसावं, गेलेल्या माणसाच्या गमती काढाव्यात. त्या घरात पहिल्यांदा हसू उमटेल, तेव्हा तिथे आपण असावं.

आपल्याला बाबासाहेबांनी स्वाभिमान दिला. स्वाभिमानी माणूस कुणाच्या दारात हसं व्हायला जात नाही, पण आपल्या दारात मोकळेपणी हसतो. समोर बसलेल्या मुलांना आपण पुस्तकं देऊ, फीचे पैसे देऊ, नोकरीचा रस्ता दाखवू. त्याबरोबर हेही देऊ या.



जयभीम! नमो बुद्धाय!