शाळेचे नाव आणि मुलीचे गाऱ्हाणे



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, फार तर शेतीचे अर्थकारण असे विषय असावेत, हा विषय बायकामुलांसमोर कशाला, असे आमच्या काही स्नेह्यांनी आम्हांस विचारले. आमचे उत्तर इतकेच की, तो त्यांच्यासमोरच बोलला पाहिजे.

खाजगी शाळेतल्या एखाद्या मुलीने, 'अमुक माणूस माझ्याशी वाईट वागला', असे सांगितले तर पुढे काय होते? संस्था कशा चालतात हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. समोर बसलेल्यांत संस्थाचालक आहेत, शिक्षक आहेत, पालक तर सगळेच आहेत. मुख्याध्यापक सचिवांना फोन करतात. सचिव अध्यक्षांच्या घरी जातात. संध्याकाळी चारपाच मंडळी बसतात, चहा येतो. मुलीच्या वडिलांना बोलावून सांगितले जाते, "भाऊ, मुलीची जात आहे, उद्या तिचे लग्न व्हायचे आहे, बोभाटा कशाला?" मग आरोप असलेला मनुष्य राजीनामा देतो, अनुभवाचा दाखला खिशात घालतो आणि दुसऱ्या तालुक्यात रुजू होतो. या बैठकीतला कोणीही स्वतःला दुष्ट समजत नाही. शाळेचे नाव राखले आणि मुलीची अब्रूही राखली, अशा समाधानाने मंडळी घरी जातात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा, 'पॉक्सो' या नावाने ओळखला जाणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचे १९ वे कलम सांगते की, असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटली, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. 'आधी खात्री करून घ्यावी' असे त्यात कोठेही नाही. न कळवणाऱ्यास २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे 'खरे की खोटे ते आधी आपण पाहू' म्हणून भरलेली ती चहाची बैठकच कायद्याच्या दृष्टीने अपराध ठरू शकते. संस्थेला चौकशीचा अधिकारच नाही असे नव्हे. खाजगी शाळांतील नोकरवर्गासाठी १९७७ साली राज्याने कायदा केला आहे. नोकरीवर ठेवावे की काढावे याची चौकशी त्याप्रमाणे अवश्य करावी. पण ती नोकरीची चौकशी. गुन्ह्याचा तपास पोलिसांचा आणि निकाल न्यायालयाचा.

बदलापूरचे प्रकरण आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. आपले बदनापूर नव्हे, ठाणे जिल्ह्यातले बदलापूर. ऑगस्ट २०२४मध्ये तेथील एका खाजगी शाळेतल्या बालवर्गाच्या दोन मुलींवर सफाईच्या कामावरील माणसाने अत्याचार केल्याची तक्रार झाली. २० ऑगस्टला लोकांनी तेथील रेल्वे कित्येक तास रोखून धरली. दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरण हाती घेतले आणि पोलिसांच्या दिरंगाईबरोबरच, कळूनही शाळेने खबर दिली नाही याबद्दल कडक शब्द वापरले. ऑक्टोबरमध्ये संस्थेच्या अध्यक्षांना व सचिवांना त्यापायी अटक झाली. दरम्यान २३ सप्टेंबरला तो आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतानाच गोळी लागून मेला. पुष्कळांनी पेढे वाटले. आम्हांस त्यात आनंद वाटला नाही. त्याच्यावरचा खटला पुरा होऊन निकाल लागण्याचा मार्ग त्या गोळीने कायमचा बंद झाला.

दुसरे प्रकरण आपल्या जिल्ह्याला अधिक जवळचे आहे, जरी ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचे असले तरी. तेथील एका खाजगी शाळेच्या वसतिगृहातल्या अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार २०१९ साली झाली. त्या मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरावर आरोप असा की, त्याला कळले होते, पण तो गप्प राहिला. नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे असे म्हटले. परतूर, मंठा, घनसावंगीकडची कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि लेकरे वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात. अशा लेकराने सांगायचे ठरवले तरी सांगायचे कोणाला? आईबाप फडात, मास्तर संस्थेचा नोकर.

शिक्षकांची भीती आम्ही जाणतो. "उद्या एखाद्या पोराने सूड म्हणून नाव घेतले तर?" ही शंका पोकळ नाही. पण तिचे उत्तर त्या चहाच्या बैठकीत मिळत नाही. निर्दोष मनुष्यावर तेथे संशयाचा डाग जन्मभर राहतो. न्यायालयात निदान पुरावा तपासला जातो. प्रामाणिकपणे खबर देणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे, आणि मोठ्या माणसाने द्वेषाने खोटी तक्रार केली तर शिक्षाही सांगितली आहे. मुलीची अब्रू म्हणाल, तर तिचे नाव वर्तमानपत्रात छापण्यास बंदी आहे. तिचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा आहे.

आरोप दुसऱ्या विद्यार्थ्यावरच असेल तेव्हा शाळा त्याच्या हाती दाखला देऊन मोकळी होते. तेथेही खबर द्यावीच लागते. मात्र अठरा वर्षांखालच्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही.

मार्च २०२२च्या शासन निर्णयाप्रमाणे प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री' समिती हवी. जूनमध्ये प्रवेशासाठी जाल तेव्हा फी आणि बस विचारालच. या समितीत कोण आहे, ती शेवटची कधी बसली, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मुलांना दिसेल अशा भिंतीवर लिहिला आहे का, हेही विचारा. कार्यालयातला कारकून चाचपडू लागला, तर तेथेच उभे राहून मुख्याध्यापकांची वाट पाहा.