जुन्या फटफटीचा जीर्णोद्धार

जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेंत, फाटक्या ताडपत्रीखालीं, एखादी जुनी मोटारसायकल वर्षानुवर्षें उभी आहे, असें दृश्य पुण्या-मुंबईच्या व नाशिक-कोल्हापूरच्या पुष्कळ घरांतून आजही दिसतें. बैठकीवर धूळ, आऱ्यांवर तांबेरा, टायरांतील हवा केव्हांच निघून गेलेली, आणि घरांतील कोणाचें तिकडे लक्ष गेलें कीं एकच उद्गार, "एकदां हिचें कांहीं तरी केलें पाहिजे." तें 'कांहीं तरी' दहा-वीस वर्षें होत नाहीं. मग एके दिवशीं इमारत पाडून नवी बांधण्याचें ठरतें, जागा रिकामी करण्याची सूचना येते, आणि भंगारवाला काटा घेऊन दारांत उभा राहतो. तो गाडीचें मोल किलोवर करतो. आजोबांनीं पगारांतून पै-पै साठवून घेतलेल्या वाहनाची किंमत लोखंडाच्या भावानें होतांना पाहून घरांतील एखाद्याच्या पोटांत कालवतें व तो म्हणतो, "थांबा, ही विकायची नाहीं." जीर्णोद्धाराचा आरंभ बहुधा असाच होतो. परंतु आरंभास हट्ट पुरला, तरी शेवटास जाण्यास ज्ञान लागतें. आणि हट्ट आहे पण ज्ञान नाहीं अशा माणसाच्या हातीं जुनी गाडी पडली, तर भंगारवाल्यानें केलें नसतें इतकें तिचें नुकसान होऊं शकतें.

उदाहरणादाखल जावा ही गाडी घ्यावी. कारण महाराष्ट्रांतील अनेक मध्यमवर्गीय घरांत आलेलें पहिलें यांत्रिक वाहन तेंच होतें. या नांवाचा जावा बेटाशीं कांहीं संबंध नाहीं. फ्रान्तिशेक यानेचेक या झेक कारखानदारानें १९२९ सालीं वांडरर या जर्मन मोटारसायकलीचे हक्क घेऊन हा धंदा सुरू केला, आणि दोन्ही नांवांच्या आद्याक्षरांचा संधि होऊन 'जावा' हें नांव बनलें. दुसऱ्या महायुद्धांत देश जर्मनांच्या ताब्यांत असतां तेथील कारागिरांनीं गुप्तपणें एक नवी २५० सी.सी.ची गाडी तयार केली व १९४६ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत ती जगापुढें मांडली. त्याच परंपरेंतील पुढचा नमुना रुस्तम इराणी व फारुख इराणी यांच्या म्हैसूर येथील आयडियल जावा कारखान्यांत १९६१ पासून तयार होऊं लागला. १९७३ पासून तेथील गाड्या येझदी या नांवानें निघाल्या आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा हें नांव भारतीय बाजारांत पुन्हां आलें खरें. पण या नव्या गाड्यांचें इंजिन निराळ्या जातीचें असल्यामुळें जुन्या इंजिनाला त्यांचे भाग उपयोगीं पडत नाहींत. जुन्या गाडीला मूळ कारखान्याचा आधार आतां उरलेला नाहीं, हें प्रथमच ध्यानांत घेतलें पाहिजे. तिचा एकेक खिळा म्हणूनच मोलाचा ठरतो.

येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि सर्व कामाचें यशापयश त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. जीर्णोद्धार म्हणजे काय? आपल्याकडे जुन्या देवळांचा जीर्णोद्धार पुष्कळ ठिकाणीं झालेला आहे. त्यांपैकीं कांहीं ठिकाणीं ढासळलेला दगड तेवढा जागच्या जागीं बसविला गेला. कांहीं ठिकाणीं मात्र काळ्या पाषाणावर तैलरंगाचे इतके थर चढले कीं, मूळ कोरीवकाम शोधून सांपडत नाहीं. भक्तांची भावना दोन्हीकडे सारखीच. पण एका ठिकाणीं देऊळ वांचलें आणि दुसऱ्या ठिकाणीं तें झांकलें गेलें. मोटारसायकलीचेंही तसेंच आहे. सर्व कांहीं नवें, सर्व कांहीं चकचकीत असा आग्रह धरला, तर शेवटीं जें उभें राहतें तें आजोबांचें वाहन नव्हे. तें आजोबांच्या वाहनासारखें दिसणारें दुसरेंच वाहन होय. म्हणून जाणत्यांचा नियम असा कीं, जें चालूं शकतें तें बदलावयाचें नाहीं. जें दुरुस्त होतें तें टाकावयाचें नाहीं. आणि बदलावेंच लागलें, तर काढलेला जुना भाग डब्यांत घालून ठेवावयाचा.

पहिल्या पंधरवड्यांत पाना हातीं घेऊंच नये. सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावींत. प्रत्येक तार कोठून निघून कोठें जाते, कोणत्या नटाखालीं किती वायसर आहेत, हें वहींत लिहावें. चौकटीवरील व इंजिनावरील क्रमांकांवर कागद ठेवून पेन्सिलीनें घासून त्यांचे ठसे घ्यावेत. हे क्रमांक गाडीच्या कागदपत्रांशीं जुळले नाहींत, तर पुढें परिवहन कचेरींत सर्व श्रम वायां जातात; आणि रंग खरवडण्याच्या उत्साहांत क्रमांकच घासून टाकणारे महाभाग असतात. मग सुटे भाग काढावयाचे ते लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांतून आणि बिस्किटांच्या डब्यांतून, प्रत्येकावर चिठ्ठी लावून. हें काम घरांतील मुलें आनंदानें करतात आणि वडील माणसांपेक्षां अधिक काटेकोरपणें करतात. 'हें काय आठवेलच' असें म्हणून चिठ्ठी न लावलेला भाग सहा महिन्यांनीं कोणालाही आठवत नाहीं.

वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या गाडीचें इंजिन बहुधा धरलेलें असतें. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, त्यांतील दट्ट्या ॲल्युमिनियमचा. दोहोंच्या मध्यें ओल शिरून ते एकमेकांस चिकटतात. जोरानें किक मारून किंवा हातोडा ठोकून ते सुटत नाहींत. सुटतात ते तुटूनच. प्लगच्या भोंकांतून पातळ तेल सोडावें आणि आठवडा, पंधरवडा, प्रसंगीं महिनाभर वाट पाहावी. या कलेंत धीर हें एक हत्यारच मानलें जातें.

जावाचें इंजिन टू-स्ट्रोक जातीचें आहे. यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण प्रथम दट्ट्याच्या खालीं, क्रँकच्या पेटींत ओढलें जातें, तेथें दाबलें जातें व मग वर सिलिंडरांत चढतें. अर्थात् ही पेटी हवाबंद असावी लागते. क्रँकच्या दोन्ही अंगांस जीं रबरी सीलें असतात, तीं गाडी नुसती उभी राहिल्यानेंही सुकतात व तडकतात. मग फटींतून फाजील हवा आंत शिरते, मिश्रण विरळ होतें, इंजिन बेसुमार तापतें आणि दट्ट्या चालत्या गाडींत सिलिंडरास धरतो. मागचें चाक एकदम अडकतें. वेगांत असलेल्या स्वारावर ओढवणारा हा प्रसंग किती भयंकर, तें सांगावयास नको. बाहेरून सुंदर रंगविलेल्या पण आंतून जुनींच सीलें ठेवलेल्या गाड्यांनीं अनेकांना असा धडा शिकविला आहे. मूळचें जपावें हा नियम खरा. पण रबर, ब्रेक आणि तारा यांना तो लागू नाहीं. जेथें जीवाचा प्रश्न आहे तेथें नवी वस्तूच घालावी.

पेटींतील बेअरिंग बसवितांना पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम कामीं येतो. ॲल्युमिनियम उष्णतेनें पोलादाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. म्हणून पेटी सुमारें १०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविली, तर हातोड्यानेंही न जाणारें बेअरिंग स्वतःच्या भारानें अलगद जागीं बसतें. यासाठीं घरांतील भट्टीचा उपयोग होतो. मात्र पेटी तेल-ग्रीस काढून स्वच्छ केलेली असावी, नाहीं तर त्यानंतरच्या प्रत्येक केकला इंजिनाचा वास येऊन गृहकलह माजतो. उलट, कांहीं कामें घरीं करूंच नयेत. दाबून जोडलेला क्रँक उकलून पुन्हां मिलिमीटरच्या शतांशांत सरळ करणें, किंवा सिलिंडर कापून नव्या दट्ट्याच्या मापाचा करणें, हें लेथवर आयुष्य घालविलेल्या कारागिराचेंच काम आहे. असे मिस्त्री शहरांच्या जुन्या पेठांतून अजून आहेत. कानाला पेचकस लावून इंजिनाचा आवाज ऐकणारा हा वृद्ध माणूस एखाद्या नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्यासारखाच असतो. परंतु त्यांतील पुष्कळांच्या हाताखालीं आतां शागीर्द नाहींत. गाडीबरोबर त्यांची विद्या जर कोणी वहींत टिपून ठेवली, तर तो दुसरा जीर्णोद्धारच समजावा.

धोक्याच्या गोष्टींचा उच्चार येथें स्पष्ट केला पाहिजे. रिकामी म्हणून समजलेली पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीहून अधिक घातक असते, कारण तिच्यांत वाफ कोंडलेली असते. तिच्यावर झाळकाम करावयास देणें म्हणजे स्फोटास आमंत्रण होय. आंतील गंज सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणानें काढतां येतो. नंतर सोड्याच्या पाण्यानें टाकी धुवावी, ताबडतोब वाळवावी व आंत तेल फिरवावें; अन्यथा उघडें पडलेलें लोखंड कांहीं तासांतच पुन्हां तांबूस होतें. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुंकून उडवूं नये. ती फुप्फुसांत जाऊन पुढें असाध्य रोग उत्पन्न करते. ओल्या फडक्यानें पुसून फडकें पिशवींत बांधून टाकावें. जुन्या रंगांतही शिसें असूं शकतें; म्हणून तो कोरडा न घासतां पाण्यानें भिजवून घासावा. क्रोमचा मुलामा घरीं देण्याचा प्रयत्न तर कोणीं करूंच नये; त्याचीं द्रावणें विषारी असून कर्करोगास कारण होतात.

आतां पेट्रोलविषयीं. ही गाडी बनली त्या काळच्या पेट्रोलांत मद्यार्क नव्हता. २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें धोरण अमलांत आलें. इथेनॉल जुन्या जातीचें रबर फुगवितें आणि हवेंतील ओल शोषून घेतें. यासाठीं पेट्रोलची नळी व कार्ब्युरेटरचीं वायसरें नव्या, टिकाऊ जातीचीं घालावींत, आणि गाडी फार दिवस उभी ठेवावयाची असेल तर टाकी व कार्ब्युरेटर दोन्ही रिकामीं करावींत.

कायद्याचेंही पाहणें अवश्य आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत जपलेल्या व मोठा फेरफार न झालेल्या वाहनांसाठीं स्वतंत्र नोंदणीची सोय केली. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें व पुढील नोंदणीचें शुल्क ५,००० रुपये असें त्या वेळीं ठरलें. अशा वाहनाचा उपयोग प्रदर्शन, संचलन, दुरुस्ती इत्यादींपुरताच करावयाचा असतो. तें रोज कचेरीस नेतां येत नाहीं. ज्याला गाडी नित्य चालवावयाची आहे, त्यानें सामान्य नोंदणीच्या नूतनीकरणाची चौकशी आधीं करावी. पण येथेंही 'मूळ स्वरूप' या शब्दांनाच महत्त्व आहे. जो संयम सौंदर्यदृष्टि शिकविते, तोच कायदाही मागतो, हा योगायोग मोठा बोधप्रद आहे.

शेवटीं रंगाचा प्रश्न येतो आणि घरांत दोन पक्ष पडतात. तरुण मंडळींना गडद तांबडा रंग आरशासारखा हवा असतो. आजी मात्र टाकीच्या उजव्या अंगावरील एका पोंच्याकडे बोट दाखविते. तो पोंचा कोणत्या सालीं, कोणत्या घाटांत, कोणाच्या हातून पडला आणि त्या दिवशीं घरीं यावयास किती रात्र झाली, हें तिला पक्कें ठाऊक असतें. पोंचा भरून काढणें अर्ध्या दिवसाचें काम. तो पुन्हां आणणें कोणाच्याही हातचें नाहीं. अशा वेळीं गंज थांबवावा, उरलेला रंग हलक्या हातानें उजळावा आणि पोंचा राहूं द्यावा, हेंच शहाणपणाचें. बाजारांतील किंमत त्यामुळें कदाचित् कमी होईल. पण विकायची नाहीं असें जिच्याविषयीं पहिल्याच दिवशीं ठरलें, तिच्या बाजारभावाची चिंता कोणास?

मग एका रविवारीं सकाळीं गाडी अंगणांत येते. जावाची एक गंमत अशी कीं, तिची किक आणि तिचा गिअर बदलण्याचा दांडा हे एकच असतात. दांडा आंत दाबून वर फिरविला कीं त्याची किक होते. घरांतील कोणाला हें ठाऊक नसतें. आजी मात्र पायऱ्यांवरून सांगते. चार-पांच किका फुकट जातात. कोणी प्लग काढून पुसतो, कोणी पेट्रोलची तोटी उघडी आहे कीं नाहीं हें पाहतो. सहाव्या किकेला दोन्ही धुराड्यांतून निळसर धूर निघतो आणि तो ओळखीचा, सावकाश, खोल ठोका सुरू होतो. सोसायटीच्या खिडक्या उघडतात. मुलें टाळ्या वाजवितात. आजी कांहीं बोलत नाहीं. पूर्वीं हा आवाज गल्लीच्या तोंडाशीं ऐकूं आला कीं ती चहाचें आधण ठेवीत असे; आणि आतांही ती उठून आंत जाते, ती त्याच कामासाठीं.