आधी मॉड्युलस, मग मेश



सिम्युलेशन सॉफ्टवेअर कसं शिकवावं यावर दोन दिवस बोलायला आपण ठिकठिकाणचे प्राध्यापक आणि विद्यार्थी करवीरनगरीत जमलात आणि स्वागताध्यक्षपदाचा मान एका फौंड्रीवाल्याला दिलात. एखाद्या साखर कारखान्याच्या चेअरमनला दिला असता, तर मंडप नक्कीच मोठा झाला असता!

आमच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडवणाऱ्या कितीतरी मेस्त्र्यांनी कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. कास्टिंगवर रायझर, म्हणजे गोठताना धातू पुरवणारा साठा, कुठं आणि केवढा ठेवायचा, हे त्यांना सवयीनं कळायचं. चुकलं तर कास्टिंग भंगारात. आज शिरोलीत, गोकुळ शिरगावात तोच अंदाज संगणकावर घेतला जातो. धातू ओतण्याआधीच श्रिंकेजची पोकळी कुठं येणार ते पडद्यावर दिसतं. हे सगळं आमच्याकडं आलं ते विज्ञानाच्या ओढीनं नव्हे, रिजेक्शनच्या धास्तीनं.

कॉलेजला अशा सॉफ्टवेअरचं लायसन्स परवडत नाही, ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतोय. ती खोटी नव्हती, पण आता तिच्यात फारसा दम राहिलेला नाही. अॅन्सिसची विद्यार्थी आवृत्ती फुकट मिळते. मेशच्या आकाराला मर्यादा आहे आणि धंद्याच्या कामाला ती वापरता येत नाही, पण शिकायला पुरते. फ्रीकॅडमध्ये भाग काढून तिथल्या तिथं कॅल्क्युलिक्सवर स्ट्रेस काढता येतो. हा कॅल्क्युलिक्स म्युनिकच्या एमटीयू या विमानइंजिनांच्या कंपनीतल्या दोघा अभियंत्यांनी लिहिला आणि सगळ्यांना खुला केला. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये उतरवून ठेवली आहेत. सर्किटवाल्यांसाठी ई-सिम तिथंच तयार झालं. स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत, हे मराठी माध्यमातून आलेल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना आवर्जून सांगा. आणि आमच्या जिव्हाळ्याची म्हणजे आयआयटी मुंबईनंच उभी केलेली ई-फौंड्री, कास्टिंगचं डिझाइन आणि सिम्युलेशन ऑनलाइन शिकवण्यासाठीची प्रयोगशाळा.

प्रवाहाचं सिम्युलेशन करणारं ओपनफोमही २००४ पासून खुलं आहे. त्याला पोरं घाबरतात, कारण बटणं नाहीत, सगळं फाइलींत टाइप करायचं. मला तर तो त्याचा गुणच वाटतो. प्रत्येक बाउंड्री कंडिशन स्वतःच्या हातानं लिहावी लागली, की कुणाला काय कळलंय ते सरांना लगेच दिसतं.

तेव्हा साधनांची अडचण मिटत आलीय. माझी काळजी वेगळी आहे. उद्योगातला परीक्षक म्हणून तोंडी परीक्षा घ्यायला बसतो, तेव्हा प्रोजेक्ट रिपोर्टात लाल-निळी चित्रं भरपूर असतात. लाल कुठं आहे ते मुलगा पटकन दाखवतो. तिथंच का, असं विचारलं की वर पंख्याकडं बघतो.

त्याला आधी कागदावर एक गणित द्या. १०० मिलिमीटर बाजूचा एक घन घ्या आणि २०० बाय २०० बाय २५ ची एक प्लेट. दोन्हींचं घनफळ एकच, बिडात वजन साधारण सात किलो. आकारमान भागिले पृष्ठफळ, म्हणजे मॉड्युलस, घनाचा १.६७ सेंटिमीटर आणि प्लेटचा १. गोठायचा वेळ मॉड्युलसच्या वर्गाच्या प्रमाणात, हा च्वोरिनोव्हचा १९४० चा नियम. म्हणजे घनाला प्लेटच्या जवळजवळ पावणेतीनपट वेळ लागणार. हे ज्यानं पाच मिनिटांत काढलं, त्याला पडद्यावर प्लेट उशिरा गोठताना दिसली तर तो चित्रावर नव्हे, स्वतः भरलेल्या आकड्यांवर संशय घेईल.

कारण संगणक चुकीचं उत्तरही तितक्याच देखण्या रंगांत देतो. २३ ऑगस्ट १९९१ ला नॉर्वेत स्टाव्हांगरजवळ स्लाइपनर-ए या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणी चालू असताना बुडाला. नॅस्ट्रान या सॉफ्टवेअरमधल्या विश्लेषणात भिंतींतला शिअर स्ट्रेस ४७ टक्क्यांनी कमी आला होता, आणि त्या हिशेबानं भिंती बारीक ठेवल्या गेल्या होत्या. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणात ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असं निघालं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. सॉफ्टवेअरवर खापर फोडून उपयोग नव्हता, मेशच नीट बांधला नव्हता.

म्हणून स्वागत समितीतल्या आम्हा फौंड्रीवाल्यांचं एक सांगणं आहे. तुमच्या विद्यार्थ्यानं सिम्युलेट केलेलं छोटं कास्टिंग आम्ही आमच्या खर्चानं ओतून देऊ आणि त्याच्यासमोर मधोमध कापू. पोकळी त्याच्या चित्रातल्या जागी निघाली तर उत्तमच. नाही निघाली, तर त्या दोन तुकड्यांवर तुमचं अख्खं सत्र होईल. नावनोंदणीची वही बाहेरच्या टेबलावर आहे. त्यात कॉलेजचं नाव लिहा, पण सरांचा फोन नंबरही लिहा, नाहीतर पत्रव्यवहारातच सेमिस्टर संपतं.

उद्या दुपारी तांबडा-पांढरा रस्सा झाला की बस शिरोलीला निघेल. शाकाहारी मंडळींची वेगळी पंगत आहे. शॉप फ्लोअरवर यायचंय, तेव्हा पायात बूट हवेत. आज संध्याकाळी कोल्हापुरी चप्पल घेतलीत, तर ती पिशवीतच राहू द्या.